काशीमावशीचे डोळे

माझ्या बायकोलाही हे माहीत नाही. सात वर्षं झाली — तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला रोज रस्त्यात भेटणार नाही.

निलंग्यात माझं कागदपत्रांचं केंद्र आहे. ऊस तोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजलेली माणसं येतात. त्यांच्या अंगठ्याला मशीन दाद देत नाही. मग डोळे घ्यायचे — बुबुळांचा फोटो.

टेबलावर मशीन मात्र दोन होती. दुसरं नांदेडच्या मेहुण्यानं आणून दिलेलं. “दाजी, कंपनीला चाचणीला डोळ्यांचे फोटो पाहिजेत. कुणाला काय कळतंय?” मी प्रत्येकाला म्हणायचो — पापणी लवली, आता इकडं बघा. लवली नव्हती. का केलं मी? मेहुण्यापुढं मोठेपणा, दुसरं काय!

गल्लीतल्या काशीमावशी त्यातल्याच. वाकळा शिवायच्या. माझ्या लेकीची पहिली वाकळ त्यांच्याच हातची.

एकदा रेशन दुकानदारानं त्यांना परत पाठवलं. म्हणे, तुमचं धान्य नांदेडला कुणीतरी डोळे दाखवून उचललंय. त्या तडक माझ्याकडं आल्या. “बाबा, माझे डोळे तर माझ्यापाशीच हायत की!”

मी मेहुण्याला फोन लावला. त्यानं सगळे फोटो विकले होते, नावागावासकट. वर हसला — “तुमीच तर दिलेत, दाजी.” माझ्या ताटात जेवलेला माणूस! तळपायाची आग मस्तकाला गेली. केसानं गळा कापला त्यानं माझा.

आणि मावशींचा? तो कुणी कापला? पासवर्ड बदलता येतो, बुबुळ कसं बदलणार — हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ज्या तोंडानं मेहुण्याला शिव्या दिल्या, त्याच तोंडानं मावशींना सांगितलं — तुम्हाला मोतीबिंदू आलाय, म्हणून मशीन चुकतंय.

त्यांनी ते खरं मानलं. आंधळं व्हायच्या धास्तीनं वाकळा शिवणं सोडलं. चांगली नजर असलेली बाई — भिंत चाचपत चालायला लागली.

पुढं तहसीलातून चौकशीला साहेब आले. यांचे डोळे तुम्हीच घेतले होते ना, असं त्यांनी मला मावशींसमोर विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशीच मध्ये पडल्या. “त्याला काय इचारायलाव साहेब? लई गुणाचं पोरगं हाय ते. माझेच डोळे फुटलेत.”

साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, “हाव साहेब. मोतीबिंदूच हाय.”