बॉनेटवरचं कुंकू

मंडळी, एका घोर पातकाची तक्रार नोंदवतो. भिंगातून बघत जोडलेल्या माझ्या वीतभर प्लास्टिकच्या आलिशान गाडीवर आज दसऱ्याला आप्पांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बॉनेटचा काळा रंग अजून ओला होता.

"आप्पा, वाळू तरी द्यायचंत."

"नवी गाडी पूजेविना ठेवायची नसते. चल, बाळकुमला तुझ्या ताईच्या घरी सोनं देऊन येऊ."

वडिलांची थट्टा नेहमीचीच. "बसा पुढे," म्हणून मी हसत आत गेलो.

बाहेर आलो, तर आप्पा टोपी-चपला घालून, आपट्याची पानं घेऊन दारात उभे.

"अरे, गाडी काढतोस ना?"

आमच्याकडे खरी गाडी नाहीच. ते थट्टा करतच नव्हते.

तुमच्या घरी असं झालं, तेव्हा आधी काय केलंत? ताईला अजून कळवलेलं नाही. मला भीती वाटते आहे.