पायात बूट, मशीनला हार

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी कॉलेजने आम्हाला नाशिकमधल्या मोठ्या कंपन्या दाखवायला नेलं. दोन दिवसांत चार कंपन्या. पहिल्या तीन कंपन्यांत मी काय शिकले, ते प्रामाणिकपणे सांगते: प्रत्येक ठिकाणी एक गारेगार हॉल असतो, पडद्यावर कंपनीचं ध्येय येतं, आणि ध्येय संपलं की समोसा मिळतो. समोसे चांगले होते. वहीत जे भराभरा उतरवून घेतलं, ते आज माझं मलाच वाचता येत नाही.

चौथी कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवणारी. बसमधून उतरायच्या आधी आमचे सर दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "इथली परवानगी मिळवायला मी दोन वर्षं जोडे झिजवलेत. एकाने जरी गोंधळ घातला, तर पुढच्या बॅचला हे गेटसुद्धा दिसणार नाही." हे बोलताना ते माझ्याकडेच बघत होते. मी ग्रुप लीडर होते, त्यामुळे त्यांचं चुकलं असं नाही, पण मला राग आला खरा.

गेटवर सगळ्यांना जड सेफ्टी शूज मिळाले. माझ्या मापाचे संपले होते, म्हणून दोन नंबर मोठे घातले. तिथले सेफ्टी ऑफिसर पन्नाशीचे, करड्या आवाजाचे. "आत असेपर्यंत बूट काढायचे नाहीत. कुठल्याही कारणासाठी नाही," एवढंच म्हणाले. त्यांच्या मागे मोठा बोर्ड होता, 'अपघाताविना दिवस', आणि आकडा तीन अंकी. लोक मुलाचे दहावीचे मार्क सांगतात त्या थाटात त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला.

दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. आत प्रत्येक मशीनला झेंडूचा हार, हळदकुंकू, वर आपट्याचं पान. आता माझी अडचण सांगते. सायखेड्याकडे आमचा झेंडूचा मळा आहे. दसऱ्याच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, नुसती तोडणी आणि हार. हार दिसला की माझा हात आपोआप फुलाकडे जातो. सगळ्यात मोठं मशीन त्या दिवशी बंद होतं. त्याच्यापुढे पाटावर नारळ, आणि हार असा टपोऱ्या फुलांचा की कौतुक वाटावं. ग्रुप पुढे गेला. मी मागे राहिले, बुटांतून पाय काढले, दोन पावलं पुढे होऊन हाराला हात लावला आणि नमस्कार केला. पाय काढताना मनात एक विचारही आला नाही. हार घातलेल्या वस्तूपुढे बूट घालून उभं राहायचं आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही.

परत वळताना टाचेत काहीतरी कचकन घुसलं. लोखंडाची चीप होती, मशीनवर कापताना उडणारी धारदार कपची. मी घाईने बूट चढवले. त्या बंद मशीनचा ऑपरेटर बाजूला कापसाच्या बोळ्याने हात पुसत दुसरीकडे बघत होता. बाकी कोणी पाहिलं नाही.

पुढची वीस मिनिटं मी काय पाहिलं, देव जाणे. मोजा ओला झाला होता. सांगितलं तर तो बोर्ड शून्यावर येणार, सरांची दोन वर्षं पाण्यात, पुढची बॅच गेटबाहेर. न सांगितलं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मूठ झाकायचं ठरवलं, आणि लंगडू नये म्हणून नवरीसारखी हळूहळू चालू लागले.

शेवटी बोर्डापाशी आल्यावर एका मुलाने विचारलं, "सर, एवढे दिवस अपघात नाही, हे कसं जमवलं?"

ऑफिसर म्हणाले, "इथे बारीकसं लागलं तरी लोक सांगतात, म्हणून जमलं. मागे एकाने लपवलं. पाय सुजून घरी बसला तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी बोर्ड शून्यावर आला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, मला लागलंय." आमच्या सरांकडे बघायची हिंमत झाली नाही.

प्रथमोपचाराच्या खोलीत नर्सबाईंनी चिमट्याने चीप काढली, पट्टी बांधली. मी घाबरत विचारलं, "बोर्डाचं काय?"

"मलमपट्टीने बोर्ड हलत नाही, माणूस घरी बसला तर हलतो," ऑफिसर म्हणाले. मग आमच्या सरांकडे वळले. "पुढच्या वर्षी जरूर आणा मुलं. सांगणारी आणा, म्हणजे झालं."

माझा जीव भांड्यात पडला. इतका, की मला चक्क रडू आलं आणि नर्सबाईंना वाटलं टाच दुखतेय. आमच्या सरांनी स्वतः मला पाणी आणून दिलं. त्यांच्यावरचा सकाळचा राग मी तिथेच सोडला.

नियम मोडणाऱ्याने भरायचा एक फॉर्म मात्र होता, पहिल्या ओळीवर त्याचं नाव. 'कारण' या रकान्यात मी खरं ते लिहिलं: मशीनला हार होता म्हणून बूट काढले. ऑफिसरांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि त्या मशीनच्या ऑपरेटरला बोलावून घेतलं.

"आपली माणसंही काढतात का रे बूट?"

ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. माझी पट्टी बघून त्याला धीर आला असावा.

"खरं सांगू का साहेब? पूजेला समदेच काढतात. वर्षानुवर्षं काढतात. कोणी बोलत नाय, एवढंच."

"मला कसं दिसलं नाही कधी?"

"राग नका मानू साहेब," तो म्हणाला, "पण परवा नारळ तुम्हीच फोडला ना? तवा तुमचे बूट कुठं होते?"

ऑफिसरांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मग त्यांनी गठ्ठ्यातून दुसरा कोरा फॉर्म ओढला, माझ्या हातातलं पेन मागून घेतलं आणि पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं.