गुहेतले पूर्वज

रत्नागिरीच्या प्राचीन मानवाची सगळी जबाबदारी एकाच माणसाने उचलली होती, आणि ते गृहस्थ कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून जमिनीच्या कागदांच्या नकला करीत असत. मिरजोळ्याच्या सड्याच्या पठाराखाली, त्यांच्या काजूच्या उतारावर, कातळात एक गुहा होती. दर रविवारी ते तिथे जात, तोंडाशी वहाणा काढत आणि बरोबर जो कोणी सापडलेला असेल त्याला खणखणीत आवाजात इतिहास सांगत. मी पुष्कळदा सापडलो. प्राचीन मानवाचा उल्लेख ते आदरार्थीच करीत. हा मान मामलेदारांना फक्त समोरासमोर मिळे. "आधी इथे वाघ राहिला. मग हे आले. यांनी जाळ केला, धुराने वटवाघळं घालवली आणि बिऱ्हाड थाटलं. हे गेल्यावर साळिंदर आलं." पुरावा म्हणजे चुलीचे तीन काळे दगड, छताची काजळी आणि भिंतीवर चुन्यात उमटलेला हाताचा पंजा. साळिंदराचा पुरावा साळिंदर स्वतःच देई. ते अजून आतल्या बिळात राही. एकदा मी त्या पंजावर हात ठेवायला गेलो, तर म्हणाले, "हात धुतलेत का?"

पुढे देवरूखला आलेल्या पुण्याच्या एका विद्वानांनी गुहा पाहायचे कबूल केले. त्यांनी एकदा 'प्राचीन' म्हटले की आमच्या गृहस्थांच्या सगळ्या रविवारांचे सार्थक होणार होते. त्या दिवशी त्यांनी आपल्या आत्यालाही आग्रहाने वर आणले. आईवेगळ्या भाच्याला तिनेच वाढवले होते, पण गुहेकडे ती कधी फिरकली नव्हती. गुडघ्यांचे कारण सांगे.

विद्वान चुलीशी वाकले.

"सांभाळून हो," आत्या म्हणाली. "तो डावीकडचा दगड पहिल्यापासून डुगडुगतो."



"तुला काय ठाऊक, आत्ये?"

"मांडला मीच. प्लेगात घर सोडून इथे राहिलो होतो. तू तान्हा होतास. प्लेगाला चुना बरा म्हणून वहिनी भिंतीला लावायला गेली, तर तिलाच गाठ आली. तेवढा पंजा राहिला."

विद्वानांनी पगडी सारखी केली आणि यंदाच्या आंब्याची चौकशी केली.

ते गेल्यावर आमच्या गृहस्थांनी विचारले, "पण वटवाघळं धुरानेच गेली ना?"

"धुराला कसली जातात. तू रडायचास, मेल्या."

पुढेही ते दर रविवारी जात. वहाणा बाहेर काढून पंजासमोर बसत; बोलत मात्र काही नसत. त्या पावसाळ्यानंतर वटवाघळे परत आली.