गोफणीला घाबरलेला चित्ता

रविवार, ३ फेब्रुवारी १९५७. सकाळी येडशीपर्यंत मोटार, तिथून छोटी रेल्वे, बार्शीहून पुन्हा मोटार. दुपारी परंड्यात पोचलो.

माझी पत्नी शांता हिचं माहेर परंड्याजवळ. ती वारली त्याला चार महिने झाले. दहा वर्षांची असताना ती ज्वारी राखायला शेतातल्या माळ्यावर बसली होती. तिथून तिनं चित्त्याला काळवीट धरताना पाहिलं आणि गोफण फिरवून त्याला शिकारीवरून हाकललं, असं ती सांगायची. मी कचेरीतला कारकून, चार बुकं शिकलेला. "बिबट्या असेल, आणि तो काय पोरीला भिऊन शिकार सोडतो?" असं मी एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो. त्यानंतर तिनं ती गोष्ट पुन्हा काढली नाही. ती खरी होती का, हे विचारायला मी निघालो होतो.

कोणाला जायचं असेल तर छोट्या रेल्वेला घाई चालत नाही. चढावर एक गृहस्थ उतरले, बोरं घेतली आणि चालत येऊन त्याच डब्यात बसले. बार्शीला स्टेशनबाहेरची भजी चांगली, दोन आण्यांत पोट भरतं. पुढच्या मोटारीत उजवीकडे बसावं, डावीकडे ऊन लागतं.

परंड्यात मोटारीतून उतरलो तर मेहुणा महादू सायकल घेऊन उभा होता. "दाजी, आक्काच्या गोष्टीचा पंचनामा करायला आलाव व्हय?" म्हणाला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

त्यानं मला किल्ल्यामागं कासिमचाचांकडे नेलं. पूर्वी ते एका जहागीरदाराचे शिकारी चित्ते सांभाळत. जहागीर गेली, चित्तेही गेले. आता ते सुतळीच्या बाजा विणतात. हात चालू ठेवून ते भरभरून बोलले. घरात वाढवलेलं पिल्लू कामाचं नसतं, कारण शिकार आई शिकवते, माणूस नाही. म्हणून मोठाच चित्ता धरायचा. तो नेमानं एका झाडाशी नखं घासायला येतो, तिथं फास लावायचे. माळावर तो मान खाली घालून सरकतो, काळविटानं डोकं वर केलं की थिजतो. मग एकच धाव. नेम हुकला तर दुसऱ्यांदा धावत नाही, रुसून बसतो.

मी शांताची गोष्ट सांगितली. त्यांचा हात थांबला.

"धरल्यावर काय केलं त्यानं?"

मला आठवेना. एवढ्या बारकाईनं मी कधी ऐकूनच घेतलं नव्हतं. महादू म्हणाला, "आक्का म्हनायची, खाल्लंच न्हाय. धापा टाकत बसलं हुतं."

"मग चित्ताच. येकदा दम गेला की त्याच्यात भांडायची ताकद ऱ्हात न्हाय. कुत्रं बी हुसकावतंय त्याला, लेकरू बी." त्यांनी पुन्हा सुतळी ओढली. "घरी गेल्यावर बाईसाहेबांना सांगा, कासिम म्हनला, खरं हाय."

महादू माझ्याकडे बघू लागला. मी "सांगतो" म्हणालो.

येताना माळावर सात-आठ काळविटं दिसली, निवांत चरत होती. चित्ता आता तिकडे कोणाला दिसत नाही. पण किल्ला पाहण्यासारखा आहे, आणि कासिमचाचा भेटले तर त्यांना शेवटपर्यंत बोलू द्यावं.

सोमवारी संध्याकाळी घरी आलो. कुलूप काढलं. महादूच्या घरून दिलेल्या दशम्यांतली एक उरली होती, ती खाल्ली. मग दशम्यांचं फडकं धुतलं, पिळलं आणि दोरीवर वाळत घातलं.