कप्तानसाहेबांचा दोर आणि कडोदऱ्याची लारी

मी सातवीत शाळा सोडली आणि आरमारात स्वयंपाक्याच्या हाताखाली लागलो. पुढची सगळी उमर सुरतेजवळ कडोदऱ्यात कापडाच्या मागांवर गेली. तरी कोणी विचारलं तर मी जहाजावरचा माणूस म्हणूनच सांगतो. त्यात खोटं काय आहे?

लढाईत आमचा भटारखाना जहाजाच्या पोटात. वर काय चाललंय ते दिसायचं नाही, नुसते धक्के बसायचे. पण आमचे कप्तानसाहेब जहाज वळवायच्या आधी भोंग्यावरून स्वतः सांगायचे, "डावीकडे वळतोय. खालच्यांनी पातेलं सांभाळा." तोफा सुटत असताना त्या माणसाला आमच्या भाताची आठवण असायची. ते ऐकलं की माझी भीती निम्मी व्हायची.

पुढे साहेब निवृत्त झाले, तेव्हा आरमाराच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्या जीपला दोर बांधला आणि आम्ही ती गोदीच्या फाटकापर्यंत ओढत नेली. मोठमोठे अधिकारी आणि मी एकाच दोराला. साहेब जीपमध्ये उभे राहून शेवटपर्यंत हुकूम सोडत होते आणि हसत होते. आता साहेब नाहीत. दोर हाताला अजून आठवतो.

गेल्या महिन्यात बायकोनं कारखाना सोडला. मागाला लागणाऱ्या धाग्याच्या कांड्या भरण्यात तिचा जन्म गेला. मी ठरवलं, शेवटच्या दिवशी हिला पायी घरी येऊ द्यायचं नाही. बाजारातल्या भाजीवाल्याची लारी, म्हणजे हातगाडी, मागून आणली, झेंडूच्या माळा लावल्या, दोर बांधला आणि सुट्टीच्या वेळी कारखान्याच्या दारात उभा राहिलो.

ती बाहेर आली. हातात सोबतिणींनी दिलेलं नवं पातेलं.

"तुमले याड लागनं का?" रागात ती अहिराणीच बोलते. मग बाया बघताहेत म्हणून हळूच म्हणाली, "मी नाही बसायची. लोक हसतील."

"साहेबांना कोण हसलं?"

"साहेबांनी लढाई जिंकली. मी काय केलं?"

"तू कांडी भरली नसती तर आतला एक तरी माग हलला असता का? बस."

तिनं पातेलं काखेत घेतलं. मला वाटलं, आता ही सरळ चालायला लागणार आणि मी रिकामी लारी घेऊन मागं मागं.

मग म्हणाली, "लारी पुसली का? सकाळी हिच्यात वांगी होती."

बायांनी दोर धरला, मागवालेही धावत आले. सगळ्यांत पुढं मी. ती जागा मी कोणाला दिली नाही. बसल्या बसल्या तिचे हुकूम सुरू झाले. "डावीकडे घ्या, पुढं गटार आहे. ओ मिशीवाले, दोर ढिला पडतोय."

मिशीवाला मीच.

गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचा वेग कमी करायचा बंप आला. मी तोंड उघडणार तोच मागून आवाज आला, "बंप येतोय. खालच्यांनी पातेलं सांभाळा."

सगळी गल्ली हसली. माझी ती गोष्ट ऐकली नाही असा माणूस आमच्या गल्लीत नाही. पातेलं तर तिच्याच मांडीवर होतं.

घर आलं तरी ती उतरेना.

"बाजारापर्यंत घ्या," म्हणाली. "लारी परत द्यायचीच आहे ना?"