सुईनंतरची गोळी

आमच्या इंदिरानगरच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच असली की माईक तनयकडे. व्हीलचेअर बाउंड्रीला लावायची, की महाशय सुरू. जन्मापासून स्नायूंचा आजार, पण जीभ अशी तिखट की बाद झालेला फलंदाजही हसत तंबूत परते. मी शेजारीण, माझ्या नव्या साडीवरसुद्धा कॉमेंट्री झालेली आहे.

त्याच्या थट्टेतून एकच माणूस सुटला होता, मुलांचे डॉक्टर. त्याचे डॉक्टरकाका. फुप्फुसं अशक्त, म्हणून दर पावसाळ्याआधी त्यांच्या दवाखान्यातून फोन यायचा, "तनयला फ्लूच्या लसीला आणा." काका सुई टोचत आणि मग श्रीखंडाची गोळी देत. पोराला मिसरूड फुटलं तरी हा रिवाज चुकला नाही.

अठरा वर्षं पूर्ण झाली तेव्हा मालिनी, त्याची आई, त्याला घेऊन पेढे द्यायला गेली. काकांनी पेढा खाल्ला, त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. लसी सगळ्या झाल्यात. सुईतून सुटलास!" तनयने ही बातमी माईकवरून अख्ख्या मैदानाला सांगितली.

काकांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्या वर्षी फोन आला नाही, पण कुणाला काही वाटलं नाही. नवे डॉक्टरही धरून चालले की लसीचं जुने डॉक्टर बघत असतील. ऑगस्टात फ्लू झाला, त्याचा न्यूमोनिया झाला. आयसीयूबाहेर नवे डॉक्टर म्हणाले, "ही लस याला दरवर्षी लागते, आयुष्यभर. थांबवली कुणी?"

माझा संताप संताप झाला. ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानेच केसाने गळा कापला होता. दोघा डॉक्टरांनी एकमेकांना एक फोन करायचा, एवढंच तर लागत होतं!

तनय वाचला. पण आता एका वाक्यात दोनदा दम लागतो. मॅचचा आवाज आला की तो खिडकी लावून घ्यायला सांगतो.

परवा काका भेटायला आले. "राहून गेलं रे," म्हणाले, आणि सवयीने खिशातून श्रीखंडाची गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. मालिनी उठून स्वयंपाकघरात निघून गेली.

तनय गोळीकडे बघत राहिला. मग श्वास जमवत म्हणाला, "काका, आधी... सुई असते."

गोळी त्याने परत दिली.