यजमानांचे श्वासयंत्र

औषधाच्या रिकाम्या बाटल्या साठतात, तसे आजाऱ्याचे किस्सेही घरात साठतात. बाटल्या भंगारवाला नेतो. किस्से मात्र भेटायला येणाऱ्यांना आपणच ऐकवावे लागतात.

आमच्या यजमानांचा अक्कलकोट रस्त्यावर टॉवेलचा कारखाना आहे. झोपेत घसा मिटून त्यांचा श्वास वारंवार थांबतो, असे तपासणीत निघाले. हृदयाला धोका आहे, असेही डॉक्टरांनी बजावले. यजमान म्हणाले, "थांबतो तितक्या वेळा सुरूही होतो की!"

*

पुढच्याच आठवड्यात गाडी चालवताना त्यांना डुलकी लागली. गाडी दुभाजकावर चढली. मनगट मोडले माझे. भेटायला आलेल्या जाऊबाई हळहळल्या, "भावजी बिचारे किती दमतात हो!" प्लास्टरमधल्या हाताने त्यांना चहा मीच दिला.

त्यानंतर मल्लिनाथ हा ड्रायव्हर ठेवला.

*

मग यंत्र आले. नाकावर मुखवटा लावायचा. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. नव्या मागाची करतात तशी यजमानांनी त्याची पूजा केली आणि मूठभर भस्म उधळले. ते फिल्टरमध्ये गेले. पहिली रात्र शिंकण्यात गेली!

*

फिल्टर बदलल्यावर मात्र दोन दिवस ते टवटवीत उठले. सगळे वर्तमानपत्र न पेंगता वाचले. माझ्या जिवात जीव आला. तिसऱ्या दिवशी आरशात मुखवट्याच्या पट्ट्यांचे गालावरचे वळ दिसले.

"कामगार काय म्हणतील? मालकाला घरी मार पडतो?"

"म्हणू देत," मी म्हटले. "माझ्यावर आळ आला तरी चालेल, पण लावा."

त्यांनी यंत्र उचलून कारखान्यातल्या खोलीत नेले आणि तेथेच झोपू लागले. म्हणे, "आवाजाने तुझी झोपमोड नको." उभ्या संसारात माझ्या झोपेची चौकशी प्रथमच झाली होती. मी मूर्ख, गहिवरले.

*

तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. यंत्रातल्या कार्डावर वापराचे तास आणि श्वासाची नोंद होते. ती पाहून डॉक्टर खूष झाले. "रोज आठ तास! श्वास थांबणे जवळजवळ बंद! उत्तम लागू पडले!"

यजमान मान डोलावता डोलावता खुर्चीतच घोरू लागले.

डॉक्टरांनी कार्ड पुन्हा तपासले. "मशीनमध्येच बिघाड दिसतो."

यंत्राची पिशवी धरून दारात उभ्या असलेल्या मल्लिनाथला ते सोसवेना.

"न्हाय साहेब, मशीन एक नंबर हाय! मागावर बदली कामगार लावत्यात, तसं मालकांनी मला लावलंय. रोज आठ तास भरतो. माझं घोरनं पार बंद झालं की!"